बंड्याला हळू वाढू दे

उदगीर, आषाढ

चि. सानिका,


तिन्ही पोत्यांचे फोटो मिळाले. पोत्यांवरची कुत्री देखणी आहेत, पण त्यावरून काहीच ठरत नाही. ‘आत्या, यातलं सगळ्यात ताकदीचं कुठलं?’ असं विचारलंयस. खरं सांगू का, ग्रेट डेनच्या दहा आठवड्यांच्या पिल्लाला ताकदीचं खाणं शोधायचंच नसतं. मोजकं आणि नेमकं शोधायचं असतं. बंड्या मोठा होणारच आहे. ते तो आईबापाकडून घेऊन आलाय. तो किती घाईने मोठा होतो, एवढंच तुझ्या हातात आहे. माझं ऐकशील तर त्याला हळू वाढू दे.

पशुसंवर्धन खात्यात असताना माझ्या दवाखान्यात आलेली बहुतेक दुखणी उपासमारीची असायची. खंगलेली गाय, दूध आटलेली म्हैस, जंतांनी पोखरलेली शेळी. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची पिल्लं तेवढी उलट कारणाने यायची. पाय वाकलेले, कोपरं सुजलेली, चालताना मागचा भाग झुलतोय. आणि मालक अभिमानाने सांगायचे, रोज दोन अंडी, लिटरभर दूध, वरून टॉनिक.

हे का होतं ते आधी समजून घे, म्हणजे पोतं निवडणं सोपं जाईल. माणसाचं बाळ वर्षभरात जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचं असतं आणि वर्षात पन्नास किलोच्या पुढे जातं, म्हणजे शंभरपटीच्या आसपास. हाडाच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, हाड लांबतं ते तिथून. लहान जातीच्या कुत्र्यांत ही पट्टी वर्षाच्या आतच हाडात मिसळून जाते. बंड्यासारख्यांत दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. तोवर ती कच्चीच. अंगावर वजन लवकर चढलं की सगळा भार या कच्च्या जागेवर येतो. वजन पुढे पळतं, हाड मागे राहतं.

ही माझी नुसती अटकळ नाही. १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने ग्रेट डेनच्याच पिल्लांवर केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पिल्लांना हवं तेवढं खायला दिलं, काहींना त्याच्या दोन-तृतीयांश. भरपेट खाणारी भराभर वाढली आणि हाडासांध्यांच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त निघाल्या. पुढे लॅब्रॅडॉरवर याहून लांब पल्ल्याचं काम झालं. ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं, त्याहून दुसऱ्याला २५ टक्के कमी, तेही आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांच्या खुब्याचे सांधे दोन वर्षांच्या वयातच जास्त चांगले होते. २००२ मध्ये आयुर्मानाचा हिशेब छापून आला: भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. आणि हा अभ्यास केला कुणी, तर प्युरिनाने. म्हणजे कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीने! मला तो जास्त विश्वासाचा वाटतो, त्याचं हेही एक कारण.

ग्रेट डेनला आयुष्यच मुळात आठ-दहा वर्षांचं. त्यातली शेवटची दोन लंगडत जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता त्या कॅल्शियमच्या बाटलीबद्दल. पिल्लू देताना ब्रीडरने ती तुझ्या हातात ठेवली आणि ‘रोज दोन चमचे, नाहीतर पाय वाकतील’ म्हणाला. ती बाटली कपाटात ठेव, किंवा टाकून दे. हे वाक्य मी गुळमुळीतपणे लिहिणार नाही, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच बाटलीने होताना पाहिलंय.

प्रौढ कुत्र्याच्या पोटात कॅल्शियम जास्त गेलं तर आतडं ते शोषणं कमी करतं आणि बाकीचं विष्ठेवाटे निघून जातं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला हा नकार नीट देता येत नाही. जे आत जाईल त्यातलं बरंचसं रक्तात उतरतं, रक्तातून हाडात. हाड दाट होतं खरं, पण कूर्चेचं हाड होण्याचं काम मध्येच अडतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हॅझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनची पिल्लं घेऊन हे तपासलं. १९८५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका गटाच्या खाण्यात ३.३ टक्के कॅल्शियम, दुसऱ्याच्या १.१ टक्के. जास्तवाल्यांच्या कूर्चेत दोष आले, पुढच्या पायांची हाडं वाकली.

खरा घोळ याच्या पुढे होतो. पाय वाकलेले दिसले की घरचे म्हणतात, मुडदूस झालाय, कॅल्शियम कमी पडतंय. दोनाचे चार चमचे होतात. पाय आणखी वाकतात. मग कुणीतरी इंजेक्शन सुचवतं. खरा मुडदूस नसतोच असं नाही, पण तो बहुतेक ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, आणि संतुलित ड्राय फूड खाणाऱ्या पिल्लात मला क्वचितच दिसला. आजी बंड्याला सकाळी कोवळ्या उन्हात घेऊन बसते ना? बसू दे, दोघांनाही बरं वाटतं. पण कुत्र्याच्या कातडीत आपल्यासारखं पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. म्हणून उन्हाच्या भरवशावर राहू नका.

कॅल्शियमची भीती घालतेय म्हणजे ते नकोच असं समजू नकोस. नुसत्या चिकन-भातावर वाढवलेल्या पिल्लांचीही गत वाईट होते, आणि तीही मी पाहिली आहेत. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावालाच. शरीराला रक्तातली पातळी सांभाळायची असते, मग ते स्वतःच्याच हाडातून कॅल्शियम काढून घेतं. हाडं पातळ पडतात. सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधली वाट फार रुंद नाही. म्हणूनच बंड्यासाठी पहिलं दीड वर्ष तरी तयार खाणं घे, असं मी सांगतेय. एरवी घरच्या स्वयंपाकाच्या विरुद्ध बोलणारी बाई मी नाही, हे तुला ठाऊक आहे.

आता पोत्याकडे वळू. पुढची बाजू सोड. ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’, ‘रॉयल’ हे सगळं सजावटीत धर. पोतं उलटं कर. मागे बारीक अक्षरात खाणं कुठल्या वयासाठी आहे ते लिहिलेलं असतं. नुसतं ‘पपी’ पुरत नाही. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मानकांनुसार पिल्लांच्या खाण्यात कोरड्या वजनाच्या किमान १.२ टक्के कॅल्शियम हवं. कमाल मर्यादा साधारण पिल्लांना २.५ टक्के, पण जी मोठेपणी ७० पौंड, म्हणजे ३२ किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरणार, त्यांना १.८ टक्केच. थोडक्यात, पामेरियनच्या पिल्लाला चालणारं पोतं बंड्याला नियमाप्रमाणेच जड जाऊ शकतं. आफ्कोचं नाव असलेल्या पोत्यावर ‘मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते असेल तर घे, ‘वगळून’ असेल तर परत ठेव. तुझ्या तीन पोत्यांपैकी निळ्यावर ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलंय आणि मागे ते वाक्यही आहे. सोनेरी पोतं सगळ्यात महाग आहे आणि मोठ्या कुत्र्यांचा त्यावर उल्लेखच नाही. तिसरं प्रौढ कुत्र्यांचं आहे. ‘पिल्लाचं खाणं फार ताकदीचं, म्हणून सुरुवातीपासून मोठ्यांचंच द्या’ असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. पण मोठ्यांच्या खाण्यातलं खनिजांचं गणित वाढीसाठी बांधलेलंच नसतं, तेव्हा तेही नको.

टक्केवारी वाचताना एक मेख आहे. पोत्यावरचे आकडे ओलाव्यासकट असतात. ओलावा १० टक्के आणि कॅल्शियम १.२ टक्के लिहिलं असेल तर १.२ ला ०.९ ने भाग. कोरड्या हिशेबाने ते १.३३ होतं. १.२ ते १.८ च्या मध्ये आलं की ठीक. बऱ्याच पोत्यांवर कॅल्शियमचं फक्त ‘किमान’ लिहितात, आणि आपल्याला तर कमाल हवंय. मग कंपनीला सरळ मेल टाक: प्रत्यक्षात कॅल्शियम, फॉस्फरस किती आणि किलोमागे कॅलरी किती? आहार कोण बांधतं, त्यातला शिकलेला माणूस आहे का, आणि कारखाना स्वतःचा आहे का, हेही विचार. ज्यांना सांगता येतं ते दोन दिवसांत कळवतात. जे नुसते गोड बोलतात, त्यांचं पोतं नको.

प्रथिनांची भीती मात्र बाळगू नकोस. ‘जास्त प्रोटीनने हाडं बिघडतात’ असं तुला पार्कमधल्या कुत्रेवाल्या मंडळींनी सांगितलं असणारच. उट्रेख्तच्याच लोकांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना १५, २३ आणि ३२ टक्के प्रथिनांचे आहार देऊन पाहिले; हाडांच्या विकारांचा प्रथिनांशी संबंध निघाला नाही. दोष एकूण कॅलरींचा आणि कॅल्शियमचा. सध्या ‘ग्रेन-फ्री’ची टूम आहे, तिच्याही मागे लागू नकोस. गहू-तांदूळ काढून वाटाणे-मसूर भरलेल्या अशा खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची अमेरिकेच्या एफडीएने २०१८ पासून चौकशी केली. कारण सिद्ध झालं नाही, पण फायदाही सिद्ध नाही. भाताने कुत्र्याचं काही बिघडत नाही.

किती द्यायचं? पोत्यावरचा तक्ता सुरुवातीपुरता. मी आकडेमोड अशी करते: वजनाचा ०.७५ घात काढायचा, त्याला ७० ने गुणायचं, आणि चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी येईल त्याच्या तिप्पट कॅलरी धरायच्या. त्यानंतर साधारण दुप्पट. बंड्या १२ किलोचा असेल तर दिवसाला सुमारे १,३५० कॅलरी. किलोला ३,६०० कॅलरीचं खाणं असेल तर ३७५ ग्रॅम. त्याचे सध्या चार भाग कर, चौथ्या महिन्यानंतर तीन, सहा महिन्यांनंतर दोन. वाटीने मोजू नकोस. वहिनीकडे केकसाठी घेतलेला वजनकाटा आहे, तो वापर. दाण्याचा आकार बदलला की वाटीतलं वजन बदलतं. भांडं दिवसभर भरून ठेवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं.

हा आकडा अंदाज आहे, शेवटचा शब्द तुझ्या हाताचा. दर आठवड्याला त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरव. मूठ वळ आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी उंचवटे चाचप: बरगड्या अशा लागल्या तर खाणं कमी पडतंय. मूठ उघडून पंजा सपाट धर आणि मागच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी चाचप: असं लागलं तर उत्तम. पंजा उलटा करून तळहाताच्या मऊ भागासारखं लागलं, तर दहा टक्के खाणं कमी कर. वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे, बाजूने पाहिलं की पोट वर ओढलेलं. पोट तेवढं टम्म आणि बरगड्या उघड्या असतील तर खाणं वाढवायच्या आधी जंतांचं औषध झालंय का ते बघ.

इथे तुला शेजारपाजाऱ्यांशी झगडावं लागेल. ‘एवढं मोठं कुत्रं नि खायला घालत नाही का?’ असं म्हणतील. आमच्या भागातला धनगर असं कधी म्हणायचा नाही. त्याने कारवानी कुत्री पाहिलेली असतात: लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, शेवटच्या बरगड्या दिसणाऱ्या. ते कुत्रं धावायला उभं राहिलं की त्याला अशक्त म्हणायची कुणाची छाती होत नाही. गुटगुटीत पिल्लू छान दिसतं हा आपला शहरी डोळा. बंड्या आठ महिन्यांचा झाला की हडकुळा, लांबट, ओबडधोबड दिसेल. दिसू दे. उंची त्याची तेवढीच होणार, फक्त सावकाश.

आजीचं दूध-पोळीचं प्रकरण नाजूक आहे, ते तूच हाताळ. दूध विष नाही, पण कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात साखर जास्त आणि प्रथिनं, चरबी कमी. दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना ती साखर पचत नाही, जुलाब होतात. त्याऐवजी दोन चमचे ताजं दही खाण्यावर घालायला आजीला सांग. तिच्या हातून काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर ती चोरून देईल. नाचणीचं सत्त्वही तिने तुम्हां सगळ्यांना भरवलंय. चमचाभर चालेल, पण ‘नाचणीत कॅल्शियम असतं’ म्हणून वाटीभर नको. अंड्याच्या टरफलाची पूड तर मुळीच नको. चहाच्या एका चमच्यात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. बंड्याला दिवसाला लागतं चार ते सहा ग्रॅम, आणि ते पोत्यातून मिळतंच आहे. उकडलेलं गाजर, भोपळा, काकडी, मधूनच अर्धं अंडं, हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसलं पाहिजे.

काही गोष्टी घराला पाठच करायला लाव. कांदा, लसूण नको, म्हणजे आमटी आणि भाजीचा रस्सा आलाच. द्राक्षं आणि बेदाणे नकोत. शिऱ्यातले, लाडवातले सुद्धा. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. चॉकलेट नको. झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम नको. कोंबडीचं शिजलेलं हाड नको, ते टोकदार फुटतं.

ग्रेट डेनच्या पोटाबद्दल वेगळं सांगायला हवं. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ खातं, आणि काही तासांत जीव जातो. या जातीत हा धोका सगळ्यात जास्त, विशेषतः वय वाढल्यावर. दिवसातून एकदाच मोठं जेवण, हपापून खाणं, जेवल्याबरोबर धावपळ, या सवयी आत्ताच लागू देऊ नकोस. हावरटपणा दिसला तर खाचाखाचांचं भांडं मिळतं, ते आण. उंच स्टँडवरचं भांडं मात्र ‘डेनला लागतंच’ म्हणून विकतील. २००० साली छापून आलेल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्यांनी धोका वाढलेला दिसला होता, म्हणून मी जमिनीवरच ठेवायला सांगते. पोट फुगलंय, उलटीसाठी उबळ येतेय पण काही पडत नाहीये, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला फोन करत बसू नकोस. थेट दवाखान्यात ने. रात्री कुठला उघडा असतो, ते आजच शोधून ठेव.

पावसाळा आहे, म्हणून वीस किलोचं पोतं स्वस्त पडलं तरी घेऊ नकोस. महिन्याभरात संपेल एवढंच आण, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. दुकानात उघड्या पोत्यातून सुटं मिळतं ते तर अजिबातच नको. चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. ब्रीडरचं आधीचं खाणं एकदम बंद करू नकोस. आठवडा-दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त, असं करत जा. निळं पोतं मानवलं की सारखं बदलायचंही नाही. प्रौढांच्या खाण्यावर न्यायची घाई नको; ग्रेट डेनला दीड ते दोन वर्षांपर्यंत थांबायचं. नसबंदी केलीस तर त्यानंतर भूक कमी होत नाही आणि गरज घटते, तेव्हा बरगड्यांवरचा हात चालू ठेव.

वजनाची एक वही घाल. आत्ता त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहा आणि तुझं वजन वजा कर. महिन्याभरात तो तुला उचलेनासा होईल, मग दवाखान्यातल्या मोठ्या काट्यावर. वजनाशेजारी त्या दिवसाचं खाणं ग्रॅममध्ये. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात, म्हणजे सहा बिस्किटांत बंड्याचा वरखाण्याचा दिवसाचा वाटा संपला. सकाळच्या चहाबरोबर दादा जी बशीतून खाली सरकवतो, तीही त्याच वहीत लिहायची आहेत, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लिहायची आहेत, असं त्याला माझं नाव घेऊन सांग.

तुझी,
आत्या